लिनक्स वापरणारे नमुने, आणि कुणाला काय झेपतं

कळफलक

विंडोज १० ची नियमित अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. तेव्हापासून जो तो विचारतोय, ‘लिनक्स टाकू का, आणि टाकायचं तर कुठलं?’ उत्तरादाखल डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांची, नावं अंगावर येतात. मिंट घ्या, फेडोरा घ्या, आर्चच्या नादी लागू नका. विचारणारा कोण, मशीनवर रोज काय करतो आणि उद्या काही अडलं तर निस्तरणार कोण, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते डिस्ट्रो ठरते ती या तिसऱ्या प्रश्नावर. म्हणून या धाग्यात आधी माणसं, मग डिस्ट्रो.

सुरुवात सगळ्यात दुर्लक्षित प्रकारापासून: बसवून दिलेले. यांनी लिनक्स निवडलेलं नसतं. भाच्यानं, मुलीनं किंवा दुकानातल्या पोरानं बसवून दिलेलं असतं. ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, वीजबिल, पीडीएफची प्रिंट, फोनमधले फोटो, संपलं. सगळ्यात समाधानी वर्ग हाच, कारण यांना काहीही बदलायचं नसतं. यांच्यासाठी मिंट सिनॅमन. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे, २०२९ पर्यंत अपडेट्स येतील.

बसवणाऱ्यानं मात्र पुढची कामं केल्याशिवाय उठू नये. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑटोमेशन’ टॅब आहे. तिथे अपडेट आपोआप लागू होण्याचं बटण आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढून टाकण्याचं बटण, दोन्ही चालू करा. दुसरं चालू नसेल तर कर्नल साचत जातात आणि बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर ते भरून अपडेट मधेच अडकतं. रोजच्या वापराचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिन खातं वेगळं. टाइमशिफ्ट (सिस्टीमच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवणारा प्रोग्रॅम) चालू करा, पण किती स्नॅपशॉट ठेवायचे ते हातानं भरा: रोजचे २, आठवड्याचे २. ते दुसऱ्या पार्टिशनवर किंवा एक्स्टर्नल डिस्कवर, आणि ती डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली हवी. विंडोजच्या एनटीएफएसवर टाइमशिफ्ट बसत नाही. रूट (सिस्टीमचं) पार्टिशन ३० जीबीचं आणि स्नॅपशॉटही त्यातच, असं केलं की डिस्क हळूहळू भरते. भरली की पासवर्ड बरोबर टाकूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनवर येतो. माणसाला वाटतं पासवर्ड चुकतोय. तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, ॲडमिन म्हणून लॉगिन करा, ‘सुडो टाइमशिफ्ट’ला डिलीटचा पर्याय देऊन जुना स्नॅपशॉट उडवा, रीस्टार्ट.

आणि हो, टाइमशिफ्ट होम फोल्डर धरत नाही. नातवंडांचे फोटो वेगळे कॉपी करा.

बाकीच्या प्रकारांची भर घाला.

डेबियनबुवा

+१. या ‘बसवून दिलेल्यां’मध्ये केरळच्या शाळा धरा. तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती काढते, मुलं आयटीचा विषय त्यावरच शिकतात. मुलांनी काही निवडलेलं नाही, पण निस्तरणारी यंत्रणा मागे उभी आहे, म्हणून गाडं चालतं. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलानंही हेच केलं. आधी २००५ च्या सुमारास ओपनऑफिस, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू. तोवर लोकांचे हात त्या प्रोग्रॅमवर बसलेले होते, खालची सिस्टीम बदलली तरी पडद्यावर तेच. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं, त्यामागे राजकारण बरंच होतं. तो वेगळा धागा.

यातून घरच्या माणसाला घेण्यासारखं एकच: विंडोज असतानाच त्यावर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन महिने वापरा. जे अडायचं ते तिथेच अडेल.

आता माझी जमात. डेबियनवाले म्हणजे ज्यांना बातम्या नको असतात. १३ वी आवृत्ती, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. ३ वर्षं पूर्ण आधार आणि पुढे २ वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा आधार). पॅकेजेस जुनी असतात ही तक्रार खरी आहे आणि तोच हेतू आहे. एखादाच प्रोग्रॅम ताजा हवा असेल तर फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज), नाहीतर बॅकपोर्ट्स (डेबियननंच दिलेल्या नव्या आवृत्त्या). उबुंटूचे पीपीए (बाहेरच्या लोकांचे पॅकेजसाठे) डेबियनच्या सोर्सेसच्या यादीत घुसडू नका. आज चालतं, पुढची आवृत्ती चढवताना लायब्ररींचे आकडे जुळत नाहीत आणि ॲप्ट (पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) अर्धा डेस्कटॉप काढून टाकायला निघतं. ॲप्टनं ‘खालील पॅकेजेस काढली जातील’ म्हणून यादी दाखवली तर ती वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं की ‘नाही’.

वायफायचं फर्मवेअर शोधत बसायचे दिवस गेले. २०२२ च्या मतदानानंतर, १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअर अधिकृत आयएसओतच (इन्स्टॉल करायच्या फाइलीत) येतं.

जुनं_ते_सोनं

मशीन वाचवणारे राहिले. यांना लिनक्सशी देणंघेणं कमी, फेकवत नाही हे खरं कारण.

पहिला गैरसमज: जुनं म्हणजे ३२ बिट. कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे. ३२ बिट म्हणजे ॲटम एन२७० वाली छोटी नेटबुकं आणि त्याआधीचा माल. खात्री करायला लाइव्ह पेनड्राइव्हवर ‘एलएससीपीयू’ चालवा, दुसऱ्याच ओळीत ३२ की ६४ ते दिसतं. खरंच ३२ बिट असेल तर खर्च करू नका: डेबियन १३ त्यावर इन्स्टॉल होत नाही आणि फायरफॉक्सनंही १४४ नंतर ३२ बिट लिनक्स सोडलं.

दुसरा गैरसमज: हलकी डिस्ट्रो टाकली की मशीन पळेल. डेस्कटॉपमध्ये वाचतात तीनचारशे एमबी, आणि ब्राउझरचे चार टॅब दीड-दोन जीबी खातात. म्हणून क्रम असा. आधी एसएसडी, २४० जीबीची पुरे, साटा २ असली तरी फरक डोळ्यांना दिसतो. मग रॅम ४ जीबी, जमलं तर ८. मग डिस्ट्रो: ४ जीबीला मिंट एक्सएफसीई किंवा एमएक्स, २ जीबीला अँटीएक्स. झेडरॅम-टूल्स टाकून निम्मी रॅम झेडरॅमला द्या. रॅममधलाच मजकूर दाबून ठेवला जातो, डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा कितीतरी जलद.

यूट्यूब अडखळतं त्याचं कारण वेगळं आहे. साइट व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवते, जुन्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही आणि सगळा भार सीपीयूवर पडतो. ब्राउझरला ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन लावा आणि ४८० वर समाधान माना.

टर्मिनलकर

आर्चच्या नादी लागू नका म्हणे! कळफलक, तुमच्याच कसोटीवर बोलतो. बिघडलं तर निस्तरणार कोण? आर्चवाला स्वतः. तेवढं कबूल असेल तर आर्चइतकं सरळ काही नाही. नसेल तर अर्थातच नको.

आर्च ‘आपोआप मोडतं’ ही अफवा आहे. मोडतं ते ठरावीक चार कारणांनी.

एक, अर्धवट अपडेट. पॅकमॅनला (आर्चचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) ‘एस-वाय’ देऊन एखादं पॅकेज टाकायचं आणि बाकी सिस्टीम जुनीच ठेवायची. यादी नवी, लायब्ररी जुन्या, प्रोग्रॅम उघडत नाही. नेहमी ‘एस-वाय-यू’.

दोन, मुखपृष्ठावरच्या बातम्या न वाचणं. डिसेंबर २०२५ चं उदाहरण घ्या. एनव्हिडियाच्या ५९० ड्रायव्हरनं पास्कल म्हणजे जीटीएक्स १००० ची मालिका सोडली. बातमीत स्पष्ट लिहिलं होतं की या कार्डवाल्यांनी एयूआरमधलं (वापरणाऱ्यांनीच भरलेला पॅकेजसाठा) ५८० चं पॅकेज घ्यावं. न वाचता अपडेट मारणाऱ्यांना ग्राफिकल पडदाच मिळेना.

तीन, सहा महिने बंद पडलेलं मशीन उघडून थेट अपडेट. सह्यांच्या चाव्या जुन्या झालेल्या असतात, सगळी पॅकेजेस ‘करप्ट’ म्हणून नाकारली जातात. आधी आर्चलिनक्स-कीरिंग एवढंच नवं करा आणि लगोलग पूर्ण अपडेट.

चार, एयूआर. तिथे कुणीही पॅकेज टाकू शकतो. पीकेजीबिल्ड ही साधी मजकुराची फाइल असते, वीस-तीस ओळींची. सोर्स कुठून उतरतोय आणि इन्स्टॉल करताना काय चालवलं जातंय, एवढ्या दोन जागा बघायच्या. प्रसिद्ध ब्राउझरच्या नावापुढे ‘पॅच’, ‘फिक्स’ असं काही लावलेलं नवंकोरं पॅकेज दिसलं तर लांब राहा.

साध्या कर्नलसोबत एलटीएस कर्नलही टाकून ठेवा. नवा चालला नाही तर बूट मेन्यूतून जुना. पॅककॅश मागच्या तीन आवृत्त्या ठेवतं, म्हणजे एक पाऊल मागे यायला इंटरनेट लागत नाही. आणि पॅकन्यू फाइली (अपडेटसोबत येणारी नवी सेटिंग) महिन्यातून एकदा पॅकडिफनं जुळवा. त्या तशाच साचल्या की कधीतरी लॉगिनची सेटिंग जुन्या नियमांवर अडते आणि कारण सापडत नाही.

गेमाडपंथी

खेळगडी थोडक्यात. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं, स्टीम या गेमच्या दुकानाचं साधन) २०१८ मध्ये आलं, स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र २०२२ मध्ये, आणि आता एकट्यानं खेळायचे बहुतेक गेम नुसते ‘इन्स्टॉल’ दाबून चालतात. घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर नाव टाकून बघा. ऑनलाइन मारामारीचे गेम मात्र वेगळी गोष्ट. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, एपेक्स लेजंड्सनं २०२४ च्या अखेरीस लिनक्सला दार बंद केलं. अँटीचीटला (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या कर्नलमध्ये बसायचं असतं, तिथे कुठलीही डिस्ट्रो काही करू शकत नाही. मित्रमंडळी हेच खेळत असतील तर विंडोज ठेवा, उगाच तत्त्वाचा प्रश्न करू नका.

हमखास होणारा घोळ: विंडोजच्या डी ड्राइव्हवर उतरवलेले गेम लिनक्समधल्या स्टीमला तिथूनच चालवायला देणं. ड्राइव्ह एनटीएफएस असतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं ‘सी’ ड्राइव्ह बनवतं, त्यातल्या फाइलनावात कोलन असतो, लिंका असतात, आणि एनटीएफएसवर ते धड टिकत नाही. गेम ‘रनिंग’ दाखवतो आणि दोन सेकंदांत बंद. गेमसाठी ईएक्सटी४ चं वेगळं पार्टिशन करा, शंभर-दोनशे जीबी.

एनव्हिडिया आणि सिक्युअर बूट दोन्ही असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळा पडदा येतो, त्यात ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो. तुम्ही चहा आणायला गेलात की तो निघून जातो, ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग ‘लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्ड चालत नाही’ असा धागा उघडला जातो.

हिशेबनीस

इथे सगळे हौशी दिसतायत. अर्धवट लिनक्सवाले, म्हणजे विंडोजही ठेवावं लागणारे, कुणी आठवलेच नाहीत. सीए, कर सल्लागार, टेंडर भरणारे ठेकेदार. यांचं नव्वद टक्के काम ब्राउझरमध्ये होतं आणि उरलेल्या दहा टक्क्यांसाठी विंडोज सोडता येत नाही.

ते दहा टक्के असे. टॅली फक्त विंडोजवर. वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) उघडतं कधी कधी, पण लायसन्स आणि प्रिंटिंगला भरवसा नाही, दुसऱ्याच्या हिशेबाशी असा खेळ करू नये. आयकराच्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो असतात, लिबरऑफिसमध्ये बटणं दिसतात पण व्हॅलिडेट होत नाही. साधं रिटर्न पोर्टलवर ऑनलाइन भरलं तर हा प्रश्नच येत नाही. तिसरं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. काही टोकनांना ओपनएससी हे मुक्त सॉफ्टवेअर ओळखतं, काहींना कंपनी लिनक्सचा ड्रायव्हर देते, पण पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअरही लिनक्सवर हवं. दोन्ही जुळल्याशिवाय सही उमटत नाही. टेंडरच्या शेवटच्या दिवशी हे तपासू नका.

उपाय व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आत खिडकीत चालणारं विंडोज. होस्टला (मूळ मशीनला) ८ जीबी असेल तर विंडोजला ४ द्या, १६ असेल तर आरामात ८. व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून खोटं टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) देता येतं, विंडोज ११ बसवता येतं, लायसन्स अर्थात विकतच घ्यायचं. टोकन आत दिसण्यासाठी तुमचं खातं ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा. नुसती खिडकी बंद करून चालत नाही. मग मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्या टोकनचा फिल्टर जोडा. होस्टनं टोकन आधीच पकडून ठेवलं असेल तर ‘बिझी’ येतं. तेव्हा होस्टवरची स्मार्टकार्ड सेवा, पीसीएससीडी, थांबवायची.

डेबियनबुवा

हिशेबनीस, उत्तम प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पण मग विंडोजच्या पोटात डब्ल्यूएसएल चालवणारे प्रोग्रॅमर कुठे धरायचे?

टर्मिनलकर

कुठेच नाही. कर्नल लिनक्सचं असलं तरी डेस्कटॉप विंडोजचा. धाग्याचा विषय डेस्कटॉप आहे. :)

हिशेबनीस

त्यांना विचारलंत तर ते म्हणतील, निस्तरायला ऑफिसचा आयटी विभाग आहे. म्हणजे कळफलक यांच्या व्याख्येनं तेही ‘बसवून दिलेले’च!

कळफलक

मान्य. :)

ड्युएल बूटवाल्यांसाठी (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) इथेच लिहून टाकतो, कारण ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही ते बहुधा पहिल्यांदा हाच रस्ता धरतात. (टीपीएम २.० आणि साधारण इंटेलची आठवी पिढी, इथे बहुतेक अडतात.)

पार्टिशनला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) बघा. नव्या लॅपटॉपांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ न विचारता चालू असतं. रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते, मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. नंतर बायोसमध्ये काही बदललं की विंडोज तीच मागतं.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर ‘शटडाउन’ म्हणजे खरं तर अर्धी झोप असते, आणि लिनक्समध्ये विंडोजचे ड्राइव्ह नुसते वाचता येतात, त्यात लिहिता येत नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा रेड मोड असणार. तो थेट एएचसीआयवर टाकलात तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटला खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या.

आणि घड्याळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे दिसते. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स यूटीसी लिहितं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की भांडण मिटतं. बोर्डाचा सेल बदलायला धावू नका.

बाराखडी

इतक्या वेळात मराठी टायपिंगवाले कुणाला आठवू नयेत? अर्जवाले, डीटीपीवाले, ग्रामपंचायतीपासून दिवाळी अंकापर्यंत सगळे त्यातच येतात.

फोनेटिकवाल्यांनी कीबोर्ड सेटिंगमधल्या लेआउट यादीत ‘मराठी (कगप, फोनेटिक)’ शोधावा, काही उतरवावं लागत नाही. इन्स्क्रिप्ट त्याच यादीत ‘इंडियन’ या नावाखाली असतो, म्हणून लोकांना सापडत नाही. रोमन अक्षरांत पूर्ण शब्द लिहून मराठी मिळवायची सवय असेल तर आयबस (टायपिंगच्या पद्धती बदलणारा प्रोग्रॅम) आणि आयबस-एम१७एन टाकून त्यातला मराठी आयट्रान्स घ्या. एम१७एन टाकल्यावर लॉगआउट केल्याशिवाय पर्याय दिसत नाहीत, इथे अर्धे लोक हात टेकतात.

‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र इन्स्क्रिप्टमध्ये असा: शिफ्ट-जे नं ऱ, डी नं हलन्त, मग स्लॅशनं य. शिफ्टशिवाय जे दाबलंत तर ‘र्य’ होतो आणि वाऱ्याचा ‘वार्या’ होतो. सरकारी पत्रांत हा सर्रास दिसतो, तिथे लिनक्सचा दोष नाही.

लिबरऑफिसमध्ये एक सेटिंग कुणी करत नाही. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची भाषा मराठी करा. ती हिंदी राहिली तर नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. मराठी केली की मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. फॉन्टमध्येच तशी सोय असते, पण मजकूर मराठी आहे हे त्याला कळावं लागतं.

मंगल फॉन्ट लिनक्समध्ये नसतो. त्यात मांडलेलं दोन पानी पत्र उघडलं की जागेवर दुसरा फॉन्ट येतो आणि सही तिसऱ्या पानावर जाते. इंग्रजीला कार्लिटो हा कॅलिब्रीच्याच मापाचा पर्याय आहे, मंगलला तसा नाही. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा. आणि जुन्या श्रीलिपी-शिवाजी छापाच्या फाइली म्हणजे युनिकोड नव्हे. तो फॉन्ट होम फोल्डरमध्ये टाकला तर दिसतील, पण शोधता येणार नाहीत. त्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्येच आणायला हव्यात. कन्व्हर्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात.

अवांतर: दृष्टिहीन वापरकर्त्यांचा प्रकारही जोडा. उबुंटूमध्ये सुपर-ऑल्ट-एस दाबलं की ऑर्का (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) बोलायला लागतो, अगदी इन्स्टॉल करतानासुद्धा. ईस्पीक एनजीमध्ये (मजकुराचा आवाज करणारं सॉफ्टवेअर) मराठी आवाज आहे. यंत्रासारखा आहे, पण जोडाक्षरांसकट वाचतो.

मुक्तछंद

तत्त्ववाले राहिले, म्हणून हजेरी. आम्ही ‘ग्नू/लिनक्स’ म्हणतो: ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा १९८३ ची, लिनक्स कर्नल १९९१ चं. हसायचं असेल तर हसा. व्यवहाराची गोष्ट एवढीच की ट्रिस्केलसारख्या पूर्ण मुक्त डिस्ट्रोत इंटेलचं वायफाय चालत नाही, कारण त्याचं फर्मवेअर बंदिस्त आहे. ॲथेरॉस एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल घ्या, त्याचं फर्मवेअरही मुक्त आहे. विकत घेताना डब्यावरच्या मॉडेलवर जाऊ नका, त्याच नावाखाली पुढच्या आवृत्तीत कंपन्या चिप बदलतात. चिपचं नाव विचारून घ्या.

गेमाडपंथी

सजावटवाले आणि या डिस्ट्रोवरून त्या डिस्ट्रोवर उड्या मारणारे यांना कुणीच हात लावला नाही. दोघांचा आजार एकच, सिस्टीम चालू आहे हेच त्यांना खुपतं.

टर्मिनलकर

राव, सजावटवाल्यांकडूनच बाकीचे शिकतात. हायपरलँड किंवा आयथ्री (खिडक्या मांडणारे प्रोग्रॅम) लावणाऱ्याला कॉन्फिग फाइल म्हणजे काय ते कळलेलं असतं. फक्त डॉटफाइल्स (सेटिंगच्या फाइली) गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवा, बदल केल्यावर लगेच कमिट (नोंद). ग्नोम डेस्कटॉपवाल्यांनी एक्स्टेन्शनांवर घर बांधू नये. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि लेखकानं मान्यता देईपर्यंत एक्स्टेन्शन बंद पडतं. आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ‘ग्लोबल थीम’ म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे, त्या कोड चालवू शकतात. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमनं वापरणाऱ्याच्या फाइली पुसल्या होत्या. वॉलपेपर आणि आयकॉन बिनधास्त घ्या, ग्लोबल थीम बघून.

उड्या मारणाऱ्यांनी व्हेंटॉय घ्यावं. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर एकदा बसवायचं, मग आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. एकच होम पार्टिशन चार डिस्ट्रोंना देऊ नका: नव्या प्लाझ्मानं (केडीईचा डेस्कटॉप) लिहिलेली सेटिंग जुन्या प्लाझ्माला पचत नाही, पॅनेल गायब होतं. कागदपत्रांचं पार्टिशन समाईक, होम प्रत्येकाचं वेगळं.

वाचनमात्र

सगळं वाचलं. मुद्द्याचा प्रश्न: आय३-७०२०यू, ४ जीबी, १ टीबी हार्डडिस्क, एचपी लेझरजेट १०२०. वापरणारे सासरे. बँक, मराठी पत्रं, यूट्यूब. निस्तरणारी मी, पण दुसऱ्या गावी. काय टाकू?

कळफलक

ताई, शुद्ध ‘बसवून दिलेला’ प्रकार. सातवी पिढी, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत नाही. २४० ची एसएसडी घाला, रॅमची एक पट्टी वाढवून ८ करा, त्यावर मिंट सिनॅमन. रॅम वाढवणार नसाल तर एक्सएफसीई. जुनी हार्डडिस्क फेकू नका. आधी तिच्यातला डेटा बाहेर काढा, मग यूएसबी केसमध्ये घालून ईएक्सटी४ करा, टाइमशिफ्ट आणि फोटोंच्या कॉपीसाठी.

लांबून बघायला रस्टडेस्क टाका. सिनॅमनचं मूळ सेशन अजून एक्स११ (पडदा रंगवणारी जुनी यंत्रणा) वर आहे, त्यामुळे पडदा दिसायला अडचण येत नाही. वेलँड या नव्या यंत्रणेवर प्रत्येक वेळी समोरच्या माणसाला परवानगीचं बटण दाबावं लागू शकतं.

जुनं_ते_सोनं

१०२० बद्दल सावध. हा प्रिंटर बंद केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो, चालू केल्यावर संगणकाकडून दर वेळी ते पाठवावं लागतं. ते काम एचपीलिपचं (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) प्लगइन करतं, म्हणून ‘एचपी-प्लगइन’ चालवून ते उतरवाच. प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती एकच हवी. मिंट २२ वरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाल तेव्हा एचपीलिप बदलेल आणि प्रिंटर गप्प होईल, पुन्हा ‘एचपी-प्लगइन’. सासऱ्यांना एवढंच सांगा: आधी संगणक, मग प्रिंटर चालू करायचा, आणि चालू केल्यावर तो थोडा गुरगुरेपर्यंत थांबायचं.

(कॅनन एलबीपी२९०० असता तर वेगळं सांगितलं असतं. त्याची भाषा कॅप्ट, ड्रायव्हर जुनाट, ३२ बिट लायब्ररी मागतो. तो विकून आयपीपी किंवा एअरप्रिंट लिहिलेला कुठलाही घ्यावा.)

वाचनमात्र

आभारी. वायफाय रियलटेकचं आहे, इन्स्टॉल करताना दिसलं नाही तर?

कळफलक

फोन यूएसबी केबलनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा. लाइव्ह सेशनमध्येही लगेच वायर्ड नेट म्हणून दिसतं. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तिथे काहीच सुचवलं नाही तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ चालवून रियलटेकची ओळ इथे चिकटवा, चिपचा आकडा बघून सांगतो.